‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना जीभ अडखळते तेव्हा

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नर्स आहात, वय ३१. आयर्लंडला नोकरी मिळावी म्हणून तीन वर्षं प्रार्थना करताय, शुक्रवारचा उपास धरताय. ओईटी, म्हणजे परदेशी काम करू पाहणाऱ्या नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा, तिच्या रायटिंगमध्ये दोनदा अडकलात. वडील नाहीत, आईला मधुमेह आहे, धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत बायबलच्या वचनाची चिठ्ठी उचलली तर यिर्मया २९:११ निघालं, ‘माझ्या मनात तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत’. बाहेरगावाहून आलेल्या एका सेवकानं, म्हणजे उपदेशकानं, डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘प्रभू तुझ्यासाठी समुद्र दुभंगतोय.’ तुमच्या पाळकसाहेबांचं म्हणणं नेमकं उलट: दोनदा नापास झालीस म्हणजे प्रभूची इच्छा नाही, आईजवळ राहा. आता तुम्ही विचारताय की आपली प्रार्थना देवाच्या इच्छेशी जुळवायची कशी. आणि शेवटी जाता जाता कंसात लिहिलंय, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हणायला गेलं की जीभ अडखळते. वाटतं, हे म्हटलं की देव आयर्लंड काढून घेईल.’

मला विचाराल तर खरा प्रश्न त्या कंसातच आहे. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.

मी ३१ वर्षं पाळकी केली, म्हणजे चर्चची मंडळी सांभाळली. बरीचशी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांवरच्या मंडळ्यांत, शेवटची नऊ वर्षं शहरात. वयानं तुम्ही माझ्या थोरल्या मुलीएवढ्या असाल, तरी ओळख नाही म्हणून ‘तुम्ही’च म्हणतो. एक गोष्ट आठवून पाहा. आपल्याकडे ‘देवाची इच्छा’ हे शब्द कुठं ऐकू येतात? मयताच्या घरी. पेटी उचलताना. लग्न जमलं, मुलगा झाला, नोकरी लागली, की पेढे वाटत आपण म्हणतो ‘देवाची कृपा’. कोणी गेलं, की ‘देवाची इच्छा’. लहानपणापासून हेच कानावर पडल्यावर ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणताना पोटात गोळा येणारच. तुमच्या विश्वासात खोट आहे म्हणून ते होत नाही. आम्ही पाळकांनी तो शब्द फार वर्षं फक्त स्मशानात वापरला, त्याचा हा परिणाम.

आता आधीच कबूल करतो: जावं की राहावं हे मी सांगणार नाही, कारण मला सांगता येणार नाही. आईची साखर किती वर-खाली होते, इन्सुलिन कोण टोचतं, घर भाड्याचं की स्वतःचं, एजंटाला पैसे भरून झालेत का, भाऊ आठवड्याला येतो की सणालाच, लग्नाचा विषय घरात किती तापलाय, यातलं मला काहीच माहीत नाही. यातल्या एकेका गोष्टीनं उत्तर बदलतं. जो कोणी हे काही न विचारता ‘प्रभू म्हणतो जा’ किंवा ‘प्रभू म्हणतो राहा’ असं सांगेल, त्याचं ऐकून घ्या, चहा पाजा आणि पुढं चला.

चिठ्ठीपासून सुरू करतो, कारण तिथं गाठ जास्त घट्ट बसलीय.

वर्षान्ताच्या उपासनेनंतर स्टीलच्या डब्यातून वचनाच्या चिठ्ठ्या मीही पुष्कळ वर्षं वाटल्या. गुलाबी कागदाच्या, नळीसारख्या गुंडाळलेल्या, वर रबर बँड. आदल्या आठवड्यात तरुण संघाची पोरं त्या कापत बसायची आणि वचनं मीच निवडून द्यायचो. त्यात ‘तू नक्की मरशील’ हे वचन मी कधी घातलं नाही, कोणीच घालत नाही. डब्यात ७०-८० आशीर्वादच असतात आणि यिर्मया २९:११ तर लोकांना आवडतं म्हणून दोन-तीनदा टाकलेलं असतं. तुम्हाला ते मिळालं याचा आनंद जरूर माना. त्यानं धीर आला असेल तर तो धीर खोटा नाही. पण ते आयर्लंडबद्दल आहे का, हे चिठ्ठी सांगू शकत नाही. त्यासाठी अख्खा अध्याय उघडावा लागतो.

तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. यिर्मया यरुशलेमेत आहे आणि बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहितोय. त्याच्या आदल्या, २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा उभा राहतो आणि मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना हवं तेच. यिर्मया म्हणतो, ७० वर्षं. आणि तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, लेकरं होऊ द्या, आणि ज्या परक्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं सांगून झाल्यावर मग ‘माझ्या मनात तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत’ हे वाक्य येतं. म्हणजे ते वचन ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं, त्यांतले बहुतेक बाबेलमध्येच म्हातारे होऊन गेले. तरी ते खोटं ठरलं नाही, पुढची पिढी परतली.

तेव्हा गंमत बघा. समुद्र दुभंगतोय सांगणारे पाहुणे सेवक आणि तुमच्या हातातली चिठ्ठी, दोन्ही एकाच बाजूचे साक्षीदार म्हणून तुम्ही धरलेत. प्रत्यक्षात ते वचन लवकरच्या वायद्यांना उत्तर म्हणून लिहिलेलं आहे. पाहुण्यांना मी हनन्या म्हणत नाही, मी तिथं नव्हतो. पण त्यांनी मुदत, मार्ग, काहीच सांगितलं नाही. नर्स आहे, परदेशी जायचंय, एवढं आधी कळलं असेल तर समुद्र सुचायला फार दूर जावं लागत नाही. मनात ठेवा, त्यावर घर बांधू नका.

तुमच्या पाळकसाहेबांचाही हिशेब मला तितकाच कच्चा वाटतो. दार बंद म्हणजे देवाचा नकार, हे समीकरण आपल्या मंडळ्यांत फार चालतं. प्रेषित पौलाचं काय झालं ते पाहू. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये त्याला आसियात वचन सांगायला पवित्र आत्म्यानं अडवलं, बिथुनियातही जाऊ दिलं नाही, म्हणून तो त्रोवसला आला आणि तिथून मासेदोनियाला गेला. इथं बंद दार देवाकडून होतं. तोच पौल थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो, तुमच्याकडे यायची एक-दोनदा इच्छा केली पण सैतानानं अडवलं. आणि रोमकरांना लिहिताना नुसतं म्हणतो की पुष्कळदा यायचं ठरवलं, पण अडथळा आला. कोणी आणला, सांगतच नाही. एकाच माणसाच्या आयुष्यात बंद दाराचे हे तीन प्रकार. मग रायटिंगमध्ये दोनदा अडकण्याचा अर्थ काय? बहुतेक वेळा अर्थ एवढाच की रायटिंग कच्चं आहे. माझ्या मंडळीतल्या दोघी मुली याच पेपरात अडकल्या होत्या. दोघींचं इंग्रजी चांगलं, पण रुग्णाची सगळी केस नोट पत्रात उतरवून काढायच्या. दुसऱ्या डॉक्टरला काय हवंय ते निवडून लिहायचं असतं, हे क्लासच्या बाईंनी शिकवल्यावर एक पास झाली. दुसरीनं परीक्षाच सोडली आणि जिल्हा रुग्णालयात लागली. कोणाची प्रार्थना ऐकली गेली, तुम्हीच सांगा. मला दोघींची वाटते.

थोडं थांबून आतापर्यंतचं गोळा करतो. चिठ्ठी, भाकीत, नापास होणं, ही तीन चिन्हं तुम्ही तराजूत टाकून बसला होता. तिन्ही बाजूला काढली तर हातात काय उरतं? प्रार्थना. आता तिच्याकडे येऊ.

आमच्या लोकांना प्रार्थना करताना मी ३१ वर्षं ऐकलंय आणि गेथशेमानेतली, म्हणजे वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूनं बागेत केलेली प्रार्थना आपण सगळे अर्धीच करतो असं माझं मत झालंय. मार्क १४:३६ मध्ये प्रभू दोन गोष्टी म्हणतो. हा (दुःखाचा) प्याला माझ्यापासून दूर कर. तरी माझ्या नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. काहीजण फक्त पहिला अर्धा भाग घेतात. रात्रभर टाळ्या वाजवून, दावा ठोकून, प्याला दूर झालाच असं जाहीर करून मोकळे होतात. काहीजण, विशेषतः आमच्या जुन्या वळणाच्या मंडळ्यांतले, फक्त दुसरा अर्धा भाग घेतात. काय हवंय ते सांगतच नाहीत. ‘हे प्रभू, तुझी इच्छा असेल तर’ इथंच सुरू आणि इथंच आमेन. नम्र दिसतं, पण त्यातलं पुष्कळसं निराशेपासून वाचायचं साधन असतं. मागितलंच नाही तर नाही म्हणणार कोण?

प्रभूनं दोन्ही भाग म्हटले, त्याच क्रमानं, आणि मार्क सांगतो की परत जाऊन तेच शब्द पुन्हा म्हटले. तेव्हा एकच गोष्ट पुन्हा मागणं म्हणजे अविश्वास, हेही डोक्यातून काढा. पौलानं शरीरातल्या काट्याबद्दल तीनदा विनंती केली, मग ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळालं. उत्तर मिळेपर्यंत मागत होता. दावीद राजा आजारी बाळासाठी सात दिवस जमिनीवर पडून उपाशी राहिला. बाळ गेल्यावर उठला, अंघोळ केली, परमेश्वराच्या मंदिरात गेला, घरी येऊन जेवला. चाकर चक्रावले. हे दोन्ही एका माणसाला जमलं, म्हणजे बाळ असेपर्यंत खरंच मागणं आणि गेल्यावर उठणं. मी स्वतः यात कधी पहिल्या भागात कमी पडलो, कधी दुसऱ्या.

इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात एक वाक्य आहे, त्यावर मी तरुणपणी सरळ पुढं जायचो. तिथं म्हटलंय की ख्रिस्तानं मोठ्यानं आक्रोश करून, अश्रू गाळून, मरणातून सोडवायला समर्थ असलेल्याजवळ प्रार्थना केली आणि ती ऐकली गेली. ऐकली गेली? प्याला तर प्यावाच लागला. पण तिसऱ्या दिवशीची पहाट धरली तर ऐकली गेलीच. फक्त शुक्रवारी ते कोणालाच दिसलं नाही. तुमच्या भीतीला माझ्याजवळचं सगळ्यांत जवळचं उत्तर हे आहे. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे कोणाला म्हणायचंय? सही दिसली की वस्तू उचलून नेणाऱ्या वसुलीवाल्याला नव्हे. त्या वाक्याची सुरुवात ‘अब्बा’पासून, म्हणजे ‘बापा’पासून आहे.

आता माझीच एक चूक सांगतो, म्हणजे मी इतका जपून का बोलतो ते कळेल. पाळक होऊन तिसरंच वर्ष होतं. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका वडीलजनांच्या पत्नीच्या छातीत गाठ आली. तालुक्याच्या डॉक्टरांनी पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया करा सांगितलं. आम्ही तीन दिवस उपास-प्रार्थना केली आणि तिसऱ्या रात्री माझ्या मनाला फार मोठी शांती वाटली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘बाई बऱ्या झाल्या आहेत. धन्यवाद द्या.’ शस्त्रक्रिया करू नका असं मी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. पाळकसाहेबांनी सांगितलंय म्हटल्यावर तीन महिने कोणी पुण्याचं नाव काढलं नाही. पुढं नेलं तेव्हा उशीर झाला होता, आणि पावणेदोन वर्षांनी त्या गेल्या. आधी नेलं असतं तर वाचल्या असत्या का, कोणी सांगू शकत नाही, पण ते तीन महिने माझ्या नावावर आहेत. त्यांचे यजमान मला कधी एक शब्द बोलले नाहीत. दर रविवारी माझ्या आधी येऊन देवळाचं कुलूप उघडायचे, सतरंज्या अंथरायचे आणि मी आलो की तांब्यातलं पाणी पुढं करायचे. माझी बदली होईपर्यंत, सहा वर्षं.

ती शांती खोटी होती असं मी म्हणत नाही. बहुधा देवानं ती मला त्या रात्री रडणाऱ्या माणसांजवळ बसायला दिली होती. मी तिचं भाकीत करून टाकलं. तेव्हापासून मनातली शांती ही एक खूण मानतो, निकाल नाही. रोजची झोप पुरी झाली, पगार जमा झाला तरी शांती वाटते, आणि जे देवाला नक्की हवंय ते करतानाही पाय लटपटतात.

मग ओळखायचं कसं? माझी पद्धत सांगतो. नियम म्हणून नको, अनुभव म्हणून घ्या.

पहिल्यांदा मी जे लिहिलेलंच आहे ते बघतो. देवाची इच्छा म्हटलं की आपल्याला वाटतं कुठंतरी लपवलेली प्रश्नपत्रिका आहे. पण पवित्र शास्त्रात ‘देवाची इच्छा’ हे शब्द जिथं सरळ येतात तिथं नोकरी, गाव, व्हिसा क्वचितच असतो. तुमचं पवित्रीकरण ही देवाची इच्छा, असं पहिल्या थेस्सलनीकाकरांसच्या चौथ्या अध्यायात आहे. पुढच्याच अध्यायात आनंद, निरंतर प्रार्थना आणि सर्व स्थितीत उपकारस्तुती ही देवाची इच्छा. मीखा ६:८ तर शब्बाथशाळेत पाठ केलेलं असतं: न्यायानं वागणं, दयेची आवड, नम्रपणे चालणं. म्हणजे इच्छेचा मोठा हिस्सा डब्लिनमध्येही पाळता येतो आणि दौंडमध्येही, आणि उरलेल्या छोट्या हिश्शासाठी आपण तीन वर्षं झोप घालवतो.

तुमच्या बाबतीत या लिहिलेल्या भागात एक गोष्ट ठळक येते, ती म्हणजे आई. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू शास्त्र्यांना धारेवर धरतो, कारण ते आईबापांना द्यायचं ते ‘देवाला अर्पण केलं’ म्हणून हात झटकायचे. धार्मिक शब्दांत गुंडाळून आईची जबाबदारी टाळता येत नाही. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मी जे पाहिलंय तेही सांगायला हवं. माझ्या काळात किती मुलगे दुबईला, कतारला गेले, त्यांच्यासाठी मंडळीनं हात वर करून निरोपाची प्रार्थना केली. त्यांतल्या एकालाही कोणी ‘आईजवळ राहणं ही प्रभूची इच्छा’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. मुलगी निघाली की मात्र ही इच्छा लगेच प्रकट होते. देव मुलीला घरी ठेवतो आणि मुलाला पाठवतो, असं वचन मला अजून सापडलेलं नाही. आईची काळजी ही आज्ञा तुमच्या भावालाही आहे. ती काळजी कशी घेतली जाईल, पैशानं, हातानं, कोणाच्या येण्याजाण्यानं, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं आहे. त्याचं उत्तर कागदावर आलं की अर्धा गुंता सुटलेला दिसेल.

मग वही. मी दोनशेपानी वही ठेवतो, मंडळीतल्यांनाही घ्यायला लावतो. त्यात आधी काय हवंय ते नटवून न सजवता लिहायचं. ‘तुझ्या गौरवासाठी आयर्लंड’ असं लिहू नका. मला आयर्लंडला जायचंय, असं लिहा. खाली लिहा, कशासाठी? उत्तर आलं की त्याच्याखाली परत, ते कशासाठी? तीन-चार पायऱ्या उतरल्या की वेगळंच काहीतरी वर येतं. मंडळीतल्या एका भावानं बदलीसाठी वर्षभर प्रार्थना केली होती. वहीत चौथ्या ओळीला निघालं की साहेबानं चारचौघांत अपमान केलेला त्याला पचत नव्हता. मग आम्ही त्या अपमानासाठी प्रार्थना केली. बदली पुढं झालीही, पण तोवर तिची घाई राहिली नव्हती. तुमच्या तळाशी काय निघेल मला माहीत नाही. कर्ज असेल, वडिलांना दिलेला शब्द असेल, लग्नाच्या चौकश्यांपासून लांब जायचं असेल, किंवा खरंच चांगल्या वॉर्डात चांगलं काम करायची ओढ असेल. यातलं काहीही निघालं तरी लाजू नका. याकोब चौथ्या अध्यायात म्हणतो, चैनीसाठी उडवायला मागता म्हणून मिळत नाही. ते तपासायचं तर आधी खरं कारण समोर यायला हवं.

नंतरचा भाग अवघड आहे. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, अनाथांचे आश्रम प्रार्थनेवर चालवणारे, सांगायचे की एखाद्या बाबीत देवाची इच्छा शोधताना आधी आपलं मन असं करायचं की त्या बाबीत स्वतःचा हट्टच उरणार नाही. बहुतेक अडचण तिथंच असते असं त्यांचं म्हणणं. मला ते कधी पूर्ण जमलं नाही. म्हणून मी सोपं करून घेतलंय: एक आठवडा ‘हो’ मिळालाय असं धरून प्रार्थना करायची, पुढचा आठवडा ‘नाही’ मिळालाय असं धरून. दोन्ही आठवडे वहीत काय येतं ते बघायचं. ‘नाही’च्या आठवड्यात प्रार्थनाच बंद पडली, तर समजायचं की आपण देवाला मागत नव्हतो, आयर्लंडलाच देव केलं होतं. मी हे टोमणा म्हणून म्हणत नाही. माझ्या बाबतीत आयर्लंडच्या जागी देवळाचा सभामंडप होता आणि मला हे कळायला चार वर्षं लागली.

आणखी एक युक्ती मी एका जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघाच्या, फादरांकडून घेतली. आम्ही प्रॉटेस्टंट, पण चांगली गोष्ट कुठूनही घ्यावी. त्यांच्या संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला, म्हणजे १५४२ मध्ये गोव्याला आलेल्या फ्रान्सिस झेवियरचे सोबती, यांनी ध्यानसाधनेच्या पुस्तकात निर्णय घेण्याची एक रीत दिलीय. जिला कधी पाहिलेलं नाही अशा व्यक्तीची कल्पना करा, तिची अडचण हुबेहूब तुमचीच, तिचं भलं व्हावं एवढीच तुमची इच्छा. तिला काय सल्ला द्याल? तोच स्वतः पाळा. तुम्ही परक्या माणसाला, म्हणजे मला, विचारलंत. आता उलटं करून पाहा. याच फादरांनी आणखी सांगितलं होतं की मन कोरडं, उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, त्या दिवसांत नुसतं टिकून राहायचं. नाइट ड्यूटीच्या आठवड्यात तर नाहीच नाही, ही माझी पुरवणी.

गिदोनानं देवाकडे चिन्ह मागायला रात्री अंगणात लोकर टाकली आणि ती दवानं भिजते का ते बघितलं, तसं करायला जाऊ नका. ‘उद्या फोन आला तर जायचं’ वगैरे. गिदोनाला आज्ञा आधीच स्पष्ट मिळाली होती, त्याला धीर नव्हता. एकदा ओली मागितली, मग कोरडी मागितली. ज्याला चिन्ह लागतं त्याला एकावर भागत नाही, हे तिथंच लिहिलंय.

प्रार्थना आणि प्रयत्न यांच्याबद्दल नहेम्या वाचा, पहिले दोन अध्याय. हा पारसी राजाच्या दरबारी चाकरीला असलेला यहूदी. यरुशलेमेचा तट पडलाय हे त्याला किसलेव महिन्यात कळतं आणि राजासमोर तोंड उघडायची संधी नीसान महिन्यात येते, म्हणजे चार महिने तो रडत, उपास करत प्रार्थना करतोय. राजा विचारतो, काय पाहिजे? नहेम्या आधी मनातल्या मनात स्वर्गातल्या देवाची प्रार्थना करतो आणि मग यादीच सांगतो: किती दिवस लागतील, नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रं, राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावानं लाकडाची चिठ्ठी. या माणसानं चार महिन्यांत प्रार्थनेबरोबर मापंही काढलेली दिसतात. तुमच्या शुक्रवारच्या उपासाला माझा विरोध नाही, पण ज्या दिवशी उपास त्या दिवशी एक रेफरल लेटर, म्हणजे त्या पेपरातलं रुग्णाबद्दलचं पत्र, घड्याळ लावून लिहा आणि कोणाकडून तरी तपासून घ्या.

उत्तर कसं येतं याबद्दल मला आपल्याच जवळचं उदाहरण आठवतं. पंडिता रमाबाई १८९६ मध्ये लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला गेल्या होत्या. त्यांच्या १५ मुलींनी तोवर विश्वास धरला होता. एका पहाटे एकांतात त्यांनी मागितलं की या पंधरांचा वर्ग कर, म्हणजे पुढच्या मेळाव्यापर्यंत २२५ होऊ देत. कोणी म्हणेल, ही काय देवाशी गणितं. पण बाईंनी आकड्यात मागितलं. आणि मग आला तो मध्य प्रांतातला दुष्काळ. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीतल्या, रोगानं खंगलेल्या जवळजवळ ३०० मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध, तिथं ठेवायची परवानगी मिळेना. मग केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. आज आपण ज्याला मुक्ती मिशन म्हणतो ते असं वाढलं. लोणावळ्याच्या त्या पहाटे बाईंच्या डोळ्यांसमोर काय असेल? स्वच्छ साड्यांतल्या, बाकांवर बसलेल्या मुली असतील कदाचित. आल्या त्या उवा झालेल्या, एकमेकींच्या हातातली भाकरी ओढणाऱ्या पोरी. मागितलेलं मिळालं, पण काम होऊन मिळालं. ‘हे माझ्या प्रार्थनेचं उत्तर नव्हे’ म्हणून त्या परत फिरल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता.

तुमच्याही बाबतीत उत्तर आयर्लंडच असू शकेल, आणि ते आलं तर तिथल्या पावसात, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात, एकटेपणात येईल. नाही आलं तर दुसरं काही काम दारात उभं राहील. ते ओळखू यावं म्हणून मन मोकळं करायचं. जुळवून घ्यायचं ते एवढंच.

प्रार्थनेचे शब्द हवे असतील तर आमच्याकडच्या एका आजीचे देतो. शाळा पाहिलेली नव्हती, उसाच्या फडावर आयुष्य गेलं. नातवाच्या नोकरीसाठी दर बुधवारी सभेत उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, ‘बापा, मला ही नोकरी पायजे. लई पायजे. तुला ठावं हाय. पर तू बाप हायेस, मी न्हाई.’ आणि खाली बसायच्या. मी धर्मशिक्षणाच्या कॉलेजात यावर एक अख्खं सत्र शिकलो होतो, तरी एवढं नीट सांगता आलं नसतं.

शेवटी एक विचारायचं राहिलं. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात पाळकसाहेबांचं मत आहे, पाहुण्या सेवकांचं आहे, भावाचंही ओझरतं आहे. आईचं कुठंच नाही. त्यांना काय वाटतं, हे तुम्ही त्यांना विचारलंय का? त्यांच्यासाठी प्रार्थना करणं वेगळं, त्यांना विचारणं वेगळं. रात्री जेवणं झाल्यावर, साखर तपासताना, सहज विचारा. ‘जा’ म्हणाल्या तरी लगेच हुरळून जाऊ नका, आया तोंडानं तसंच म्हणतात. चार दिवसांनी पुन्हा विचारा.

आणि पुढची परीक्षा कोणत्या तारखेला आहे ते कळवा. आमची बुधवारची सभा अजून चालते, सात-आठ जणच असतो, बहुतेक साठीच्या पुढचे. त्या आठवड्यात तुमचं नाव घेऊ. आईचंही नाव लिहून पाठवा, त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना करायची आहे.